आधी सुई, मागाहून शिकवण

मुंबई शहर आणि पेण-रोह्याचा मुलूख यांच्यामधील अंतर नकाशावर पाहता फारसे नाही. परंतु आगबोटीच्या काळात ज्याला ते प्रत्यक्ष तोडावे लागे, त्याला मुंबईच्या धक्क्यावरून निघून धरमतरच्या खाडीत शिरावे, भरती-ओहोटीच्या मर्जीप्रमाणे उतरावे आणि मग टांग्याने अगर बैलगाडीने खारेपाटातील बांध ओलांडीत पेणेस पोहोचावे, असा सारा खटाटोप करावा लागे. आणि रोह्यास जावयाचे तर नागोठणे-कोलाडच्या बाजूची आणखी एक मजल पदरी पडे. पेणचे अंतोरे बंदर आणि रोह्यासमोर कुंडलिकेच्या पैलतीरी असलेले अष्टमी ही या मुलखाची दोन दारे होती. या दारांतून भात आणि मीठ बाहेर गेले. कापड, घासलेट, वर्तमानपत्रे आणि साथी आत आल्या. आणि साथींच्या पाठोपाठ औषधेही आली. मात्र औषध आणि औषध देण्याची विद्या या दोन वस्तू एकाच गलबतातून उतरल्या असे क्वचितच घडले. येथे जो इतिहास सांगावयाचा आहे तो एका लहानशा पोलादी वस्तूचा, म्हणजे सुईचा आहे. आणि ती ज्यांच्या हाती आली त्यांस ती धरावी कशी हे कोणी, केव्हा आणि किती उशिरा शिकवले याचा आहे. ज्या रोगाला आज हिपॅटायटिस सी असे म्हणतात, तो या उशिराच्या पोटीच वाढला, असे माझे मत आहे.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर गोस्तन देवीची लस टोचण्यात आली, आणि हिंदुस्थानात या विद्येचा आरंभ झाला. ती लस बगदाद-बसऱ्याकडून समुद्रमार्गे आली होती. आणि ती बाटलीत भरून आली नव्हती, तर एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात, अशी माणसांच्या साखळीने जिवंत ठेवून आणली होती. पुढे कित्येक दशके हीच रीत चालली. गावात देवी काढणारा आला म्हणजे मागल्या आठवड्यात टोचलेल्या पोराला चावडीवर बोलावणे जाई, त्याच्या दंडावर आठव्या दिवशी भरलेला फोड फोडला जाई आणि त्यातील द्रव नव्या पोरांच्या दंडात जाई. आपले पोर दुसऱ्यांसाठी द्यावयास आया नाखूष असत, हे इलाख्यातील जवळजवळ प्रत्येक अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. आणि सरकारदरबारी त्याची संभावना रयतेचे अज्ञान अशी झाली आहे. १८९२ च्या मुंबई जिल्हा देवी टोचणी कायद्याने सक्तीची तजवीजही करून ठेवली.

परंतु ते अज्ञान सर्वस्वी अज्ञान नव्हते. १८८३ साली जर्मनीतील ब्रेमेन बंदरात एका जहाजाच्या कारखान्यातील १२८९ कामगारांना मानवी लसद्रवातून देवी टोचण्यात आल्या, आणि पुढील महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. ज्यांना दुसरी लस टोचली होती ते निर्वेध राहिले. ल्युर्मान नावाच्या वैद्याने १८८५ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला. सुईवाटे एकाची कावीळ दुसऱ्यास जाते याचा हा पहिला स्वच्छ पुरावा होय. तो रोग बहुधा आजचा हिपॅटायटिस बी असावा. पण रक्ताच्या अंशातून अदृश्य काहीतरी जाते, हे सूत्र तेव्हाच हाती आले होते. पेण-रोहा ज्यात येतात त्या कुलाबा जिल्ह्यातील लसटोच्याच्या शिक्षणात मात्र फोड केव्हा पिकतो, चिरा किती द्यावयाच्या आणि दप्तरात नोंद कशी करावयाची, एवढ्याच गोष्टी होत्या. पुढे वासराच्या लशीचा प्रघात पडला, बेळगावच्या लससंस्थेतून ती नळ्यांमध्ये भरून टपालाने तालुक्यांना जाऊ लागली, आणि दंडावरून दंडावर जाण्याचा धोका टळला. परंतु तो टळला, हे टोचणाऱ्यास ठाऊकही नव्हते. त्याच्या दृष्टीने केवळ जिन्नस बदलला होता.

सुदैवाने त्याच शतकात एक प्रयत्न निराळ्या दिशेने झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ पासून मराठी आणि गुजराती वर्ग चालू झाले, आणि त्यांतून शिकून तयार झालेले हॉस्पिटल असिस्टंट तालुक्याच्या दवाखान्यांवर नेमले जाऊ लागले. इंग्रजी न येणाऱ्या हुशार तरुणास शरीरशास्त्र आणि औषधिशास्त्र मराठीतून शिकवावयाचे, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. डॉ. सखाराम अर्जुन यांनी ‘वैद्यतत्त्व’ आणि ‘गर्भविद्या व प्रसूतिकरण’ यांसारखे ग्रंथ मराठीत लिहिले ते याच वातावरणात. पुढे हे शिक्षण पुणे आणि अहमदाबाद येथील वैद्यकीय शाळांकडे गेले व हळूहळू इंग्रजीच्या स्वाधीन झाले. मराठी वर्गाची प्रतिष्ठा कमी मानण्यात आली, पण मला तर वाटते की, तालुक्याच्या वैद्याला त्याच्याच भाषेत, त्याच्याच गरजेपुरते आणि तरीही शास्त्रशुद्ध शिकवावे, हा मूळ प्रश्न त्या मंडळींना जितका स्पष्ट दिसला होता तितका पुढील शंभर वर्षांत फार थोड्यांना दिसला.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि शहर सोडून पळणाऱ्या लोकांनी कोकणाच्या बोटी भरून गेल्या. जानेवारी १८९७ मध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा झाली, आणि पिचकारी ही वस्तू सर्वसाधारण रयतेच्या नजरेस पहिल्यांदा पडली. देवी काढणाऱ्याची सुरी कातडीला ओरखडे. ही पोकळ सुई मांसात शिरे. या नव्या हत्याराने काय होऊ शकते याचा धडा १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकोवाल गावी मिळाला. तेथे १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोष हाफकिनसाहेबांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. पुढे चौकशीत निष्पन्न झाले ते असे, की बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून बाजू मांडली तेव्हा कुठे १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले, ही भरपाई म्हणावयाची. शास्त्रज्ञाच्या कीर्तीचे काय झाले हे सर्वांनी लिहिले आहे. पण चिमटा धरणाऱ्या त्या हाताला कोणी, किती दिवस शिकवले होते, हा प्रश्न चौकशीच्या कागदांत दुय्यमच राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि विशेषतः स्वातंत्र्यानंतर सुई सरकारी हातांतून खासगी हातांत आली. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स या १९१२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची एल.सी.पी.एस. हा परवाना घेतलेले डॉक्टर बाजारपेठेत दवाखाने मांडू लागले होतेच. १९३८ च्या मुंबई कायद्याने वैद्य-हकिमांच्याही नोंदणीचा मार्ग खुला केला. १९५५ पासून पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन बनू लागले आणि जे औषध युद्धकाळात सोन्याच्या मोलाने मिळे ते कोकणातल्या बाजारगावात बाटलीने मिळू लागले. न्यूमोनियाने दगावणारे मूल दोन दिवसांत उठून बसते, हा चमत्कार लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला. मग सुईवर श्रद्धा न बसती तरच नवल. गोळी देणारा डॉक्टर कच्चा, सुई मारणारा पक्का, असा जो समज पेणच्या बाजारापासून रोह्याच्या डोंगरवाड्यांपर्यंत रूढ झाला, त्याच्या मुळाशी हा खराखुरा अनुभव होता, भोळेपणा नव्हता.

त्या काळच्या दवाखान्यात काचेची पिचकारी एकच असे, फार तर दोन. स्टोव्हवर पत्र्याच्या भांड्यात पाणी उकळत असे, त्यात पिचकारी आणि चार-सहा सुया खळखळत असत. बोथट झालेली सुई दगडावर घासून पुन्हा धारदार केली जाई. सकाळी गर्दी कमी असताना वीस मिनिटे उकळलेली सुई दुपारी गर्दी वाढली की नुसती गरम पाण्यातून काढली जाई, आणि हे काम बहुधा डॉक्टरांचे नसे, कंपाउंडरचे असे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मातीला हात लावल्यापासून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हातात येईपर्यंत पोराची उमेदीची कित्येक वर्षे जातात, कारण तो कुंचला चुकला तर सगळी मूर्ती वाया जाते हे उस्तादाला ठाऊक असते. आणि त्याच गावात माणसाच्या शिरेत सुई घालण्याची मुभा कंपाउंडरला पंधरवड्यात मिळे. यात कोणाच्या दुष्टाव्याचा प्रश्न नाही. कारखान्यात चूक लगेच दिसते. सुईची चूक वीस-पंचवीस वर्षांनी, यकृत घट्ट आणि गाठाळ झाल्यावर दिसते, आणि तोपर्यंत कंपाउंडरही निवृत्त झालेला असतो.

हा केवळ आपल्याच मुलखाचा दोष होता असेही नव्हे. मिसर देशात १९५० नंतरच्या तीन दशकांत सरकारने नाईलच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांना एका कृमिरोगावर अँटिमनीच्या इंजेक्शनांच्या माळा दिल्या. त्या मोहिमेत पिचकाऱ्या नीट उकळल्या गेल्या नाहीत आणि हिपॅटायटिस सीचे प्रमाण एके काळी जगात सर्वांत जास्त असलेला देश तयार झाला. उद्देश शुद्ध, औषध गुणकारी, खर्च सरकारी. उणीव राहिली ती शेवटच्या हाताच्या शिकवणुकीत.

सरकारी बाजूस याच काळात मोठमोठ्या योजना आखल्या जात होत्या. १९४६ च्या भोर समितीने चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असे सुचवले, आणि परवानाधारक डॉक्टरांचा कमी मुदतीचा शिक्षणक्रम बंद करून एकाच दर्जाचे पदवीधर डॉक्टर तयार करावेत अशीही शिफारस केली. समितीतील काही सभासदांनी या दुसऱ्या मुद्द्यावर आपली भिन्न मते नोंदवली होती, ती दूरदृष्टीची ठरली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्या आश्रयाने ही केंद्रे उभी राहू लागली. त्या वेळी देशाचे अर्थमंत्रिपद रोह्यात बालपण घालवलेले चिंतामणराव देशमुख यांच्याकडे होते, हा योगायोग रोहेकरांनी अभिमानाने सांगावा असा आहे. पण इमारत उभी राहिली म्हणून पदवीधर डॉक्टर येऊन राहतोच असे नाही. परवानाधारक डॉक्टरांची पिढी आटली, पदवीधर मुंबईत राहिले, आणि मधली जागा ज्या वैद्य-होमिओपॅथांनी भरून काढली त्यांच्या शिक्षणात इंजेक्शनांचे शास्त्र शिकवले गेले नव्हते, परंतु रोगी मात्र इंजेक्शनच मागत होता. त्यांना नवे औषध शिकवण्यास नियमाने कोणी येत असेल तर तो म्हणजे औषध कंपन्यांचा प्रतिनिधी, बॅग घेऊन दर महिन्यास येणारा. कोकणातील वैद्यकशिक्षणाचा इतिहास कोणी प्रामाणिकपणे लिहिला तर त्यात या बॅगवाल्या गुरूला एक स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल.

याला एक सन्माननीय अपवाद जिल्ह्यातच घडला. जे.जे. रुग्णालयातील प्लॅस्टिक सर्जरीचे विख्यात शल्यविशारद डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७० नंतरच्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात, फारशी शाळा न शिकलेल्या खेडूत स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवण्याचा प्रयोग केला. क्षय आणि कुष्ठ ओळखणे, उपचार अखेरपर्यंत चालू ठेवणे, गरोदर बायकांवर लक्ष ठेवणे ही कामे त्या स्त्रियांनी पदवीधरांपेक्षा उणी केली नाहीत. प्रयोग अखेरीस गुंडाळावा लागला तो वैद्यकीय अपयशामुळे नव्हे, तर गावपातळीवरील सत्तेच्या राजकारणामुळे, असे खुद्द अंटियांनीच लिहिले आहे. शिकवण पोहोचली की ती शिकलेल्याचा दर्जा बदलते, आणि दर्जा बदललेला सर्वांना रुचत नाही. पुढे २००५ पासून आलेल्या ‘आशा’ योजनेची बीजे अशाच प्रयोगांत आहेत.

आता काविळीकडे वळावयास हवे. कारण यकृताच्या रोगाला लोकांच्या मनात एवढे एकच नाव होते. डोळे पिवळे झाले की कावीळ, आणि कावीळ झाली की उतरवणारा. कोणी काटक्यांची माळ गळ्यात घाली आणि ती लांबत जाईल तशी कावीळ उतरते असे सांगे. कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी दाखवी. कोणी देवडांगरीच्या फळाचे पाणी नाकात सोडी, तर कोठे डागण्याही देत. या उपायांना यश येई, आणि ते का येई हे समजून घेणे अगत्याचे आहे. खारेपाटासारख्या जागी, जेथे गोड्या पाण्यासाठी वणवण करावी लागते आणि पावसाळ्यात सारे पाणी एक होते, तेथे दिसणारी कावीळ बहुतांशी दूषित पाण्यातून येणारी, आज जिला ए आणि ई म्हणतात ती असे. आणि ती बहुतेकांत काही आठवड्यांनी आपोआप बरी होते. माळेला श्रेय मिळे, आणि पथ्याने राहिलेला रोगी खरोखरच बरा झालेला असे. म्हणून उतरवणाऱ्यावरचा विश्वास टिकला.

हिपॅटायटिस सी या साऱ्या ज्ञानव्यवहाराच्या हातून निसटला तो एका कारणाने: तो बहुधा डोळे पिवळे करीतच नाही. विषाणू रक्तात शिरतो, माणूस शेतावर जातो, आगरात मीठ ओढतो, रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात पाळ्या करतो, आणि वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी होऊन दवाखान्यात येतो. तेव्हा घरचे म्हणतात दारूने झाले, आणि जो दारूला शिवलाही नाही त्याच्याविषयी नशिबाला बोल लावतात. उतरवणाऱ्याने ओळखला नाही, कारण पिवळे काही नव्हते. डॉक्टरांनी ओळखला नाही, कारण त्याला नावच नव्हते. अमेरिकेतील हार्वे ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास दाखवून दिले की, रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या यकृतदाहात ए आणि बी दोन्ही नसलेला एक तिसरा प्रकार आहे. त्याचा विषाणू मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ओळखला. आणि ऑल्टर, हॉटन व चार्ल्स राइस या तिघांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचा व्यवहार १ जानेवारी १९९८ पासून बंद झाला, आणि रक्तपेढीतील प्रत्येक बाटलीची या विषाणूसाठी तपासणी २००१ मध्ये सक्तीची झाली. त्यापूर्वी बाळंतपणात अगर अपघातात ज्यांना मुंबई-अलिबागेस रक्त चढवले गेले, त्यांतले कित्येक आज साठी-सत्तरीत आहेत.

सुईचा प्रश्न मात्र कायद्याने सुटण्यासारखा नव्हता. २००४ च्या सुमारास झालेल्या एका देशव्यापी पाहणीत असे आढळले की, हिंदुस्थानात दरसाल सुमारे तीनशे कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक या ना त्या अर्थाने असुरक्षित असतात. डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातील औषधवापराची जी पाहणी केली तिच्यातही अनावश्यक इंजेक्शनांचा भडिमार स्पष्ट दिसला होता. प्लॅस्टिकची एकवार वापराची पिचकारी आली, सरकारी लसीकरणात एकदा दाबली की पुन्हा न ओढता येणारी पिचकारी आली, काचेची अडगळीत गेली; परंतु अशक्तपणासाठी लावले जाणारे सलाईन, सलाईनच्या बाटलीतच टोचून ठेवलेली आणि दिवसभर सर्वांसाठी वापरलेली एक सुई, जत्रेतील गोंदणाऱ्याचे यंत्र आणि न्हाव्याचा वस्तरा ही दारे उघडीच राहिली.

औषधाच्या बाजूस याच सुमारास एक क्रांती झाली. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीस परवानगी मिळाली. बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर, म्हणजे दर गोळीस हजार डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने हिंदी कंपन्यांना ती बनवण्याचे परवाने दिले आणि भाव कोसळला. पूर्वीच्या इंटरफेरॉनच्या सुया वर्षभर सोसूनही निम्म्या लोकांना गुण येत नसे. आता बारा आठवडे रोज तोंडाने गोळ्या घेतल्या की शंभरांतील पंचाण्णव जण पूर्ण बरे होऊ लागले. सुईने पसरलेला रोग गोळीने जाऊ लागला, ही गोष्ट सुईपूजक मुलखात सांगावयास जरा कठीणच.

इतके सोपे औषध हाती आल्यावर ते देण्यासाठी यकृततज्ज्ञच हवा काय, हा प्रश्न उभा राहणे क्रमप्राप्त होते. आणि त्याचे उत्तर दहा वर्षे आधीच तयार झालेले होते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. संजीव अरोरा अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात यकृततज्ज्ञ होते. त्यांच्याकडे रोग्यांना आठ-आठ महिने थांबावे लागे आणि लोक दोनशे-अडीचशे मैलांवरून येत. २००३ मध्ये त्यांनी रोग्यांना बोलावण्याऐवजी त्यांच्या खेड्यांतील वैद्यांना दर आठवड्यास पडद्यावर एकत्र बोलावण्यास आरंभ केला: प्रत्येकाने आपला एक रोगी मांडावयाचा, तज्ज्ञाने चर्चा करावयाची, बाकीच्यांनी ऐकावयाचे. ‘एको’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगाचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला: ४०७ रोग्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के बरे झाले, तर खेड्यांतील आणि तुरुंगांतील केंद्रांवर ५८.२ टक्के. पंजाबात २०१६ पासून चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. राधाकृष्ण धीमन यांनी याच पद्धतीने जिल्हा रुग्णालयांतील वैद्यांना तयार केले. ४८,०८८ रोग्यांची नोंद झाली आणि उपचार पूर्ण करून तपासणीस आलेल्यांपैकी ९१.६ टक्के विषाणुमुक्त ठरले. मराठी वर्गाच्या काळी जे पुस्तकाने साधावयाचे होते ते येथे पडद्याने साधले: वैद्य आपल्या गावी राहिला आणि गुरू त्याच्याकडे गेला.

२८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि तपासणी व औषध दोन्ही मोफत झाली. त्या वेळी देशात साठ लाख ते एक कोटी वीस लाख लोकांना हिपॅटायटिस सी असावा असा अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाने तो पंचावन्न लाखांवर आणला. कार्यक्रमाची हत्यारे पाहिली म्हणजे काळ किती बदलला ते कळते. एका थेंबात प्रतिपिंडे दाखवणारी पट्टी, विषाणूचे प्रमाण मोजणारे, विजेरीवर चालणारे आणि गोव्यात बनलेले ट्रूनॅट यंत्र, रोग्याचे वय, यकृताच्या दोन तपासण्या आणि प्लेटलेट हे चार आकडे मोबाइलमध्ये घातले की ‘फिब-४’चा अंक सांगणारे कोष्टक, ज्यात सव्वातीनच्या वरचा आकडा यकृत कठीण झाल्याची शंका घ्यावयास लावतो, रोग्याची नोंद ठेवणारे पोर्टल, आणि २०१९ पासून ई-संजीवनी, जिच्यावर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी मुंबईतील डॉक्टरांशी बोलू शकतो. चणेऱ्याच्या अगर हमरापूरच्या बाजूस बसलेल्या माणसाला, हा रोगी बारा आठवड्यांच्या गोळ्यांवर आपल्याच तालुक्यात ठेवावा की चोवीस आठवड्यांसाठी वरच्या रुग्णालयात धाडावा, हे ठरवण्यासाठी धरमतरच्या भरतीची वाट पाहावयास नको. देवी काढणाऱ्यास परिपत्रक यावयास महिने लागत. यास उत्तर मिनिटांत येते.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पोर्टलवर ज्याचे नाव आहे, प्रशिक्षणाच्या पडद्यापुढे ज्याला बसवले जाते, तो सरकारी वैद्य आणि सरकारी कर्मचारी आहे. आणि पेण-रोह्याच्या वाड्या-वस्त्यांत, कातकऱ्यांच्या अन् ठाकरांच्या पाड्यांत आजही बहुसंख्य सुया ज्याच्या हातून जातात तो खासगी दवाखानदार या वर्तुळाच्या बाहेर आहे. त्याच्यासाठी २०१४ च्या सुमारास औषधिशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम राज्याने काढला, पण तोही फक्त होमिओपॅथांसाठी, आणि त्यावरचा वाद अद्याप शमलेला नाही. त्याला हिशेबात घेतले नाही तर एका दाराने रोगी बरे होतील आणि दुसऱ्या दाराने नवे येतील. कारण या रोगातून बरे झालेल्यास पुढे संरक्षण मिळत नाही, दूषित सुई पुन्हा लागली तर रोग पुन्हा होतो, आणि यावर लस अद्याप निघालेली नाही.

शिवाय बरे झाल्याची परीक्षाही शिकवावी लागते. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तातील विषाणूचे प्रमाण पाहावयाचे असते, आणि ते शून्य निघाले की माणूस मोकळा झाला. परंतु पट्टीवरची प्रतिपिंडे जन्मभर राहतात. ज्याला हे ठाऊक नाही असा तपासणीस पुढे कधी धाटावच्या नोकरीसाठी, कधी आखाताच्या व्हिसासाठी, कधी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी हीच पट्टी लावतो, तिच्यावर दोन रेघा उमटतात, आणि बरा झालेला माणूस कागदोपत्री पुन्हा रोगी ठरतो. त्याच्याजवळ जपून ठेवलेला विषाणुतपासणीचा जुना अहवाल असेल, आणि तो वाचता येणारा कोणी टेबलापलीकडे बसलेला असेल, तर त्याचे काम होते. नसेल तर त्याला तो अहवाल घेऊन पुन्हा अलिबागेस जावे लागते.